बद्द वाजलेला दगड

माझी लेक सुमन समुद्रावरच्या जहाजात दगडांचा अभ्यास करते. सुट्टीला आली तेव्हा समुद्राच्या तळातून काढलेला एक दगड तिने माझ्या हातावर ठेवला. काळाच, आपल्या रानातल्यासारखा. पण त्याच्या भोकाभोकांत हिरवी माती बसलेली आणि मधे पांढरे खडे चमकत होते.

मी जन्मभर पाटे-वरवंटे घडवले. दगड हातोडीने वाजवायचा, खणखणला तरच घ्यायचा, ही आमची रीत. हा बद्द वाजला.

"समुद्राने नासवला गं."

"नासवला नाही, आबा. दगडाच्या तापल्या रसातले बुडबुडे गेले, भोकं राहिली. खारं पाणी त्यात युगानुयुगं मुरलं. दगडातलं थोडं घेतलं, थोडं आपलं दिलं. त्यातून हे खडे झाले."

"म्हणजे मूळचा राहिला नाहीच की!"

"तुम्ही वाजवूनच ठरवा सगळं," ती हसली.

मी काही हसलो नाही. मला भीती तीच होती. पोरगी उद्या परत जाणार, आणि एक दिवस समुद्र तिला इतकी बदलून टाकणार की मला ओळखू येणार नाही.

रात्रभर दगड उशाशी होता. सकाळी उन्हात धरला. पांढरं सगळं नेमकं रिकाम्या जागीच भरलं होतं. तिची आई गेल्यावर पोरीतही अशा जागा राहिल्या होत्या. माझ्या हातोडीने त्या कुठल्या भरायला?

एस.टी. लागली. ती वाकून म्हणाली, "येते, आबा."

"ये. बदललीस तरी ये. मी वाजवून बघणार नाही."