पावट्याचा करगोटा

त्या सकाळी मी काय काय बोलले ते आठवलं की आजही कानकोंडं व्हायला होतं. पण माझं डोकंच फिरलं होतं. कोल्हापुराहून कोडोलीला रोज येऊन तीन आठवडे मी बांधावरच्या पावट्याला रंगीत दोरे बांधले होते. फूल ज्या दिवशी उमललं, त्या दिवसाचा एक रंग. आणि ज्यांचं ते शेत, त्या मावशींनी सगळेच्या सगळे दोरे सोडून टाकले होते!

"अगं, देठ जाड व्हायलंय, दोरा रुतायलाय," मावशी म्हणाल्या. "लेकराचा करगोटा आपण सैल करतोय न्हवं? अंग भरलं की काचतोय त्यो. तू एवढी शिकलेली, पर बांधलंस ते बांधलंसच की."

वर दोरे फेकले नव्हते हं. रंगवार गुंडाळून डब्यात ठेवले होते, परत उपयोगी पडतील म्हणून.

माझी पीएचडी त्या दोऱ्यांवर लटकली होती. पावट्याचा दाणा भरताना साठवणीचं प्रथिन बनवणारं जनुक नेमकं कधी चालू होतं आणि कधी थंडावतं, हे मला शोधायचं होतं. आपण उसळीत जे मिटक्या मारत खातो, ती खरं तर वेलानं आपल्या पिल्लासाठी बांधून दिलेली शिदोरी. मला त्या कारभाराचं भारी कौतुक. पण त्यासाठी प्रत्येक शेंगेचं वय ठाऊक हवं. दोरे गेले म्हणजे वय गेलं. मला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. पुढच्या हंगामाची वाट बघायची म्हणजे पीएचडीवर पाणीच सोडायचं.

"मावशी, वाटोळं केलंत माझं," मी तोंडावर म्हणाले आणि बांधावरच बसून रडले.

मावशींनी एक शेंग अंगठ्यानं दाबली. "ह्यात नुसतं पाणी हाय." दुसरी दाबली. "ह्यो दुधात आलाय." तिसरी. "ह्यो भरायलाय, आमटीला ह्योच." चौथी. "ह्यो निबार." मी चारही सोलून बघितल्या. अगदी तसंच! "दिस मोजून काय करतीस?" त्या म्हणाल्या. "बी काय कॅलिंडर बघून भरतंय व्हय?"

दुसरा इलाज नव्हता. दोन आठवड्यांत पाच खेपा केल्या. मावशी खुडायच्या, चार सुपांत चार ढीग करायच्या. मी दाणे सोलून तिथंच गोठवायला द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये टाकायचे. प्रयोगशाळेत आकडे आले आणि मी खुर्चीतच उडाले. पाण्याच्या ढिगात जनुक चिडीचूप, दुधाच्या ढिगात जागं झालेलं, भरत्या ढिगात नुसता धडाका, निबरात पुन्हा थंड. चार खेपा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. काय अंगठा म्हणायचा हा!

पण तिसरी खेप पार विस्कटलेली. पाण्याच्या ढिगातसुद्धा जनुक जोरात.

माझ्या मार्गदर्शक सरांनी आकड्यांचा कागद खाली ठेवला. "अंगठ्याचं मोजमाप आधीच कोण मानणार? त्यात ही खेप. बाकीच्या योगायोगानं जुळल्या असंच परीक्षक म्हणतील. कारण सापडलं तर ठीक, नाहीतर सगळंच रद्द."

आठवडाभर मी रसायनं तपासली, मशीन तपासलं, कॅन तपासला. कशातच काही नाही. शेवटी आलेखाचा कागद घेऊन कोडोली गाठली आणि मावशींपुढे पसरला. कुठला ठिपका कुठल्या ढिगाचा ते सांगितलं. त्यांनी विस्कटलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"ही कुठल्या वारची?"

"बुधवारची. सुपं बाहेर सोप्यात भरून तयारच होती, मी घाईत होते."

"अगं बया!" मावशींनी कपाळाला हात लावला. "बुधवारी मी गडहिंग्लजला लेकीकडं गेलते की! सुनंनं खुडल्यात त्या."

आतून सून म्हणाली, "मला वाटलं, जमंल."

मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. जी खेप मावशींची नव्हती, तेवढीच चुकली होती. माझ्या मशीननं ते बरोबर पकडलं होतं, फक्त मला वाचता आलं नव्हतं.

"सुनंचं नाव घालू नगंस हं त्यात," मावशी हळूच म्हणाल्या. "यील तिला. मलाबी सासूनं धा वर्सं आमटीच्या शेंगा खुडू दिल्या न्हाईत."

प्रबंधात मी लिहिलं, तिसरी खेप वगळली आहे, कारण ती खुडणाऱ्या व्यक्तीला पुरेसा अनुभव नव्हता. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके त्याच ओळीवर थांबले.

"पुरेसा म्हणजे किती?"

"दहा वर्षं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.