लिबोरियोचा होकार

कॅलिफोर्नियातल्या सँगर गावात लिबोरियो अरेयानोचे नाव निघाले की लोक आधी त्याच्या सुरीबद्दल बोलतात. हाड वेगळे करताना तिचा आवाज येत नाही, असे म्हणतात. ते खरेही आहे, कारण तो हाड फोडतच नाही, सांध्यातून सुरी फिरवून ते सुटे करतो. विसाव्या वर्षी तो मेक्सिकोतल्या साकातेकासहून इथे आला आणि त्याच आठवड्यात मोठ्या रस्त्यावरच्या मांसाच्या दुकानात लागला. आज अठ्ठावन्न वर्षांचा आहे. दुकान तेच आहे आणि दुकानातला त्याचा कोपराही तोच.

शाळा सहावीपर्यंत झालेली. त्यामुळे शिकलेल्या माणसापुढे तो हॅट काढून उभा राहतो. त्याची मुलगी यारेली नर्स व्हायला फ्रेस्नोच्या कॉलेजात जाऊ लागली. घराण्यातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. तिथून पालकांच्या मेळाव्याची पत्रे येत, तीही स्पॅनिशमध्ये, पण लिबोरियो जात नसे.

"शिकवणं मास्तरांचं काम. आपण जाऊन लुडबुड केली तर त्यांना वाटेल, ह्याचा आपल्यावर भरवसा नाही," असे तो म्हणे. त्याच्या गावाकडे याला चांगली रीत समजत.

ऑक्टोबरात यारेलीला शरीररचनेच्या पहिल्या परीक्षेत शंभरपैकी सेहेचाळीस गुण मिळाले. डिसेंबरच्या शेवटच्या परीक्षेत ऐंशी पडले नाहीत तर नर्सिंगचा रस्ता बंद होणार होता. हे तिने जेवताना सांगितले आणि तोंडातला घास तसाच चघळत बसली.

"या वेळी मेळाव्याला तू जाणार, म्हाताऱ्या," लिबोरियोची बायको चेलो म्हणाली.

"मी तिथे काय बोलणार?"

"काही बोलू नकोस. नुसता बस. लग्न झाल्यापासून तुला ते छान जमतंय."

तो गेला. इस्त्रीचा शर्ट घालून आणि चाळीस माणसांना पुरेल एवढी कार्नितासची, म्हणजे चरबीत शिजवलेल्या डुकराच्या मांसाची, परात घेऊन. मास्तरांकडे रिकाम्या हाताने कसे जायचे? कॉलेजच्या इनोहोसाबाईंनी सगळ्यांना विचारले, "मूल घरी आलं की पहिलं काय विचारता?"

"जेवलीस का?" लिबोरियो म्हणाला, आणि सारे सभागृह हसले, कारण प्रत्येकाच्या घरचा प्रश्न तोच होता.

"ते विचाराच. मग विचारा, आज काय शिकलीस? आणि तुम्हालाही ते शिकवायला सांगा."

"बाई, मी सहावी शिकलोय."

"म्हणून तर! तुम्हाला समजावता आलं म्हणजे तिला कळलं."

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. लिबोरियो हात धुऊन, भांग पाडून बसे. यारेली आकृत्या काढी, समजावी, आणि तो प्रत्येक वाक्याला मान डोलावी. "हो, पोरी. हो."

"मी काही मागितलं तर एवढा पटकन होकार येत नाही," चेलो शेगडीपाशी पुटपुटे.

नोव्हेंबरात दुसरी परीक्षा झाली. अठ्ठावन्न. यारेलीने पेपर टेबलावर पसरला. गुडघ्याच्या आकृतीवर लाल फुली होती.

"गुडघ्याच्या आत दोन आडव्या पट्ट्या असतात ना, लिगामेंट. त्या मांसाला हाडाशी बांधतात असं मी लिहिलं. तुम्हालाही असंच शिकवलं होतं, अपा."

लिबोरियोने मान खाजवली. "हो. ते मला तेव्हाच खटकलं होतं."

"काय?"

"त्या हाडापासून हाडालाच जातात. एकमेकींवर आडव्या. मांसाचा धागा नसतो त्यांना. त्या कापल्याशिवाय मांडी नळीपासून सुटत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अडतीस वर्षं कापतोय."

"आणि तुम्ही हो म्हणालात!"

"कॉलेजात तू जातेस, पोरी. शिकलेल्या माणसाला तोंडावर चुकलं म्हणायचं म्हणजे..."

"घ्या!" चेलोने झारा आपटला. "घरात एकाला येत होतं, आणि तो आदर दाखवत बसला."

यारेलीने डोके टेबलावर टेकले. तिचे खांदे हलू लागले तसा लिबोरियो घाबरला. ती हसत होती.

रविवारी त्याने डुकराची अख्खी मागची तंगडी आणून वर्तमानपत्रावर ठेवली. यारेली बोलेल आणि तो सुरीच्या टोकाने दाखवेल, असे ठरले. पण चूक झाली तरी त्याच्या तोंडून नकार निघेना.

"म्हणा, अपा. नाही, चुकलं."

"तू... तू जरा परत वाच, पोरी."

"हा काही नकार नाही झाला."

"माझ्यापुरता झाला."

हळूहळू जीभ सुटली. आठवडाभरात तो "नाही!" असा ओरडू लागला की शेजारचा कुत्रा भुंके. कधी प्रश्नही विचारी. डुकराची टाच एवढी वर आणि आपली जमिनीला का? यारेलीला पुस्तक उघडावे लागे. मज्जातंतूंचा धडा आला तेव्हा त्याने हात वर केले. "हे आमच्या दुकानात मिळत नाही. बाईंना विचार."

परीक्षेच्या आदल्या शनिवारी त्याच्या बहिणीचा फोन आला. नाताळला मक्याच्या पानांत उकडायचे तमाले करायला सगळ्या मुली हव्यात.

"नाही, रोसारियो. यारेली येणार नाही. मी येतो."

तो गेला, आणि सात बायकांच्या रांगेत बसून दिवसभर मक्याच्या पानांवर पीठ थापत राहिला. त्याचे तमाले जाड झाले, म्हणून त्याला वर्षभर पुरतील इतकी बोलणी बसली.

निकालाच्या दिवशी यारेली थेट दुकानात शिरली. रांग दारापर्यंत होती.

"सत्त्याऐंशी, अपा!"

टाळ्या वाजल्या. मालकाने घंटी बडवली. लिबोरियोने सुरी खाली ठेवली, हात पुसले, तेच हात पुन्हा पुसले आणि काउंटरवरून वाकून पोरीचे डोके छातीशी धरले. मग नाक ओढून म्हणाला, "बाकीचे तेरा कुठे गेले?"

"अपा!"

"नाही, दाखव पेपर."

"आधी माझ्या दोन पौंड बरगड्या दे," रांगेतली म्हातारी एउलालिया ओरडली, "मग काढ पोरीच्या चुका."

त्याने पेपर वजनकाट्याला टेकवून उभा केला आणि बरगड्या कापायला घेतल्या. "वाच गं," तो म्हणाला. "पहिली चूक कुठली?"