दोन लाडू जास्तीचे

ड्रोन हा शब्द तेव्हा आमच्या रामघाटावरच्या घरात नव्हता. दादानं बनवलं होतं ते विमानच: लाकडी पट्ट्या, चिकटवलेला कागद, पेट्रोलचं चिमुकलं इंजिन आणि हातात रिमोट. वेदपाठशाळा सोडून तो इंजिनिअरिंगला गेला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी कामापुरतंच बोलत. बाबांनी एकदा तरी त्याचं विमान बघून मान डोलवावी, एवढंच त्याला हवं होतं. मला तर त्याच्याहून जास्त हवं होतं.

त्या माघात बाबा गंगेपलीकडच्या रेतीवर अकरा दिवसांच्या अनुष्ठानाला बसले. जेवण एकवेळ, तेही घरचं, सोवळ्यातलं. गुडघे धरून आई रोज नावेतून डबा न्यायची. डबा विमानानं पाठवू का, असं दादानं तिच्याकरवी बाबांना विचारलं. बाबांनी शास्त्राचा विचार केला आणि कळवलं की, आकाशातून येणाऱ्या अन्नाला कुणाचा स्पर्श नाही, चालेल. आनंदाच्या भरात दादा त्या दिवशी जेवलाच नाही.

विमान अर्धा किलो पेलायचं, वर काही नाही. युनिव्हर्सिटीच्या मैदानात वाळूच्या पिशव्या बांधून त्यानं ते दहादा पाहिलं होतं. सोवळ्यातल्या डब्याला त्याला शिवायचं नव्हतं, म्हणून सकाळी समोर उभं राहून त्यानं तो आईकडून तोलून घेतला, बरोबर अर्धा किलो, आणि इंजिन बघायला घाटावर पळाला. आईनं लगेच झाकण उघडलं आणि तिळाचे दोन लाडू आणखी कोंबले.

“एकवेळ जेवताहेत. दोन लाडवांनी काय होतंय?”

मी बारा वर्षांची होते, बावळट नव्हते. तरी गप्प बसले. मग तिनंच डबा खाली नेऊन विमानाच्या पोटाला बांधला.

दादानं पायरीवरून विमान भिरकावलं. पलीकडे बाबा डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून उभे होते, एवढेसे दिसत होते. मधोमध विमानाचं नाक खाली झुकलं आणि ते पाण्यात गेलं. नाव घेऊन गेलेल्या मल्लाहाला फक्त एक पंख मिळाला. बाबा त्या दिवशी उपाशी राहिले. त्यांचा निरोप आला, गंगेला नैवेद्य पोचला. दादाला तो टोमणा वाटला. पंखाचं गणित चुकलं असं धरून तो महिनाभर कागद भरत राहिला, मग नोकरीसाठी परदेशी गेला तो गेलाच. आई गेली, बाबा गेले. घाटावर उतरले की अजून मी त्याची वाट बघते.

परवा त्यानं आपल्या कंपनीचा व्हिडिओ पाठवला. ड्रोन दोरीनं खोकं अलगद अंगणात ठेवतो. मला राहवलं नाही, फोन करून लाडवांचं सांगून टाकलं.

त्यानं एवढंच विचारलं,

“दोन? पक्का?”

“पक्का.”

“म्हणजे तेवढं वजन घेऊन ते अर्धी गंगा गेलं होतं. बाबांना सांगायचं होतंस गं.”