आठ अक्षरांच्या बाई

नकाशांच्या कचेरीतल्या टंकलेखक बाईंची हयात जुन्या संगणकावर गेली. तो फाइलच्या नावाला आठच अक्षरं द्यायचा, म्हणून बाई नाव मोजूनमापून ठेवत. मग नवा संगणक आला आणि साहेबांच्या प्रतिभेला पूर आला. 'पुलाचा नकाशा शेवटचा', 'पुलाचा नकाशा खरोखर शेवटचा', अशी चार बारशी त्यांनी उरकली. ते नकाशे मुख्य कचेरीतल्या जुन्या यंत्रावर गेले. त्यालाही आठच अक्षरं चालायची, म्हणून त्याने पहिली सहा अक्षरं ठेवली, बाकीची छाटून पुढे एक खूण नि आकडा चिकटवला; चारही नुसते 'पुलाचा नकाशा' उरले.

"बाई, यातला शेवटचा कुठला हो?" साहेब घाम पुसत म्हणाले.

"तुमच्या कृपेने चारही!"

बाईंनी रेघ न् रेघ पडताळून खरा शेवटचा नकाशा शोधला. आभार कसले? पण त्या दिवसापासून साहेब नाव देण्याआधी बाईंना विचारतात.