आत्यासाठी पाहिलेलं घर

यजमानांची बदली सिरोंच्याला झाली तेव्हा आमच्या घरात कुणालाच आनंद झाला नाही. ते जंगल खात्यात होते. मी चामोर्शीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. घरात तिसरी माझी आत्या. माझी आई मी रांगत असतानाच गेली. आत्या त्याआधीच विधवा होऊन माहेरी परतली होती, तिनंच मला वाढवलं. लग्नानंतर मी तिला माझ्यासोबत आणलं आणि यजमानांनीही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. आत्याला दमा होता आणि ऐकायला फार कमी यायचं. तिच्याशी बोलायचं तर मोठ्यानं ओरडावं लागे. शाळेत दिवसभर बोलून माझा घसा बसलेला असे, त्यामुळे घरी आम्ही दोघी बहुतेक खुणांनीच बोलत असू.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साफ सांगितलं की तिकडं हिवताप आहे, पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद होतो, दम्याच्या म्हातारीला तिथं नेऊ नका. यजमानांना आदल्या वर्षीच हिवतापानं चांगलं लोळवलं होतं. त्यांना एकट्याला पाठवायची माझी हिंमत नव्हती. गडचांदूरकडे माझा एक चुलतभाऊ शेती करत असे. त्याला बोलावून घेतलं. तो आला, चहा प्याला, कापसाला लागलेल्या किडीबद्दल बराच वेळ बोलला आणि मुद्दा निघायच्या आत उठला.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी चांद्याच्या घराबद्दल सांगितलं. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणत असू. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून परकोटाच्या, म्हणजे गावाच्या तटाच्या आत, एका जुन्या धान्याच्या गोदामात, निराधार म्हाताऱ्या बायकांसाठी राहायची सोय केली होती. मला हे आत्याला सांगायचंच धैर्य होईना. शेवटी यजमानांनी तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "पाहून तं येऊ."

पण पाहायचं म्हणजे नेमकं काय? हे मला कुणीच एकसारखं सांगेना. यजमान म्हणाले, "स्वयंपाकघर बघ. बाकी सगळं पाहुण्यांसाठी झाडून ठेवता येतं." मोठ्या बाई म्हणाल्या, म्हाताऱ्यांच्या पायाची नखं बघ, कापलेली आहेत की नाहीत. शेजारी कपडे शिवणाऱ्या मास्टरांचं घर होतं, त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणत असू. ती म्हणाली, "देखो बाई, तिथल्या तिघींले अलग अलग इचारजो, काल काय खाल्लं म्हणून. तिघींचं खोटं एकसारखं नाई जमत." मला हे पटलं. मी तिन्ही गोष्टी मनाशी घोकत निघाले.

नावेतून वैनगंगा ओलांडून पलीकडे बस मिळे. चांद्याला पोचेपर्यंत ऊन चढलं. गोदामाला उंच दार होतं आणि दाराला आतून अडसर. एका उंच, रुंद हाडाच्या बाईनं दार उघडलं. तिथली व्यवस्था तीच बघे, सगळ्या तिला नुसतं बाई म्हणत. तिचा आवाज इतका मोठा की "या" म्हणाली तरी वाटावं, हाकलून राहिली.

अंगण सारवलेलं होतं. खाटांवर धुतलेल्या गोधड्या होत्या. स्वयंपाकघरात भांडी लख्ख होती, पण टोरीच्या तेलाचा उग्र वास भरून राहिला होता. आता हा वास चांगला धरायचा की वाईट? मोहाच्या बियांचं हे तेल तर आमच्या घरीही असे. नखं पाहिली. काहींची कापलेली होती, काहींची नव्हती. एकीची एका पायाची कापलेली होती आणि दुसऱ्याची नव्हती.

"हे असं कसं?" मी विचारलं.

बाई म्हणाली, "एक पाय झाला आन् मंग ते लाथ झाडाले लागली. उद्या दुसरा."

मग चाचीचा प्रश्न. पहिली म्हातारी म्हणाली, काल वरण-भात होता. दुसरी म्हणाली, "कायचं वरण? आंबील पेऊन झोपलो." तिसरीनं माझा हात धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "पुरणपोळी. तूप भरपूर." मी बाईकडे पाहिलं. बाई तिघींच्या अंगावर एकदम ओरडली, "काऊन वं, पाहुण्या आल्या की तुमाले असंच सुचते?" आणि मला म्हणाली की दुसरीचं पोट बिघडलं होतं म्हणून तिला आंबील दिली. तिसरीला वर्षभर पुरणपोळीच आठवते. हे खरं असेल. आधीच ठरवून ठेवलेलं उत्तरही असेल. एका म्हातारीच्या कोपराजवळ काळंनिळं झालेलं होतं. ती म्हणाली, पडली. हे सांगताना ती हसली, आणि त्या हसण्याचं काय करावं ते मला कळेना. तेवढ्यात ती ओरडणारी बाई आतल्या खोलीत गेली. तिथं अंथरुणाला खिळलेल्या एका आजीचं डोकं मांडीवर घेऊन तिची जट सोडवत बसली. सोडवताना तिला शिव्याही देत होती.

आत्या या सगळ्या वेळात ओट्यावर दोन बायकांजवळ बसून चिंचा फोडत होती. तिनं मला काही विचारलं नाही, दाखवलं नाही. निघताना फक्त बाईला म्हणाली, "मले बाहेर जाता येईन का?"

"बाहेर कुठी?"

"कुठी नाई. बाहेर."

बाई म्हणाली, "दाराले अडसर हाये. एक जण झरपट नदीकडं निघून गेल्ती, मोठ्या मुश्किलीनं सापडली. मले सांगून जाय, संगं कोणी देईन."

बसमध्ये मी आत्याला खुणेनं विचारलं, कसं वाटलं? तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. एका शेतात धानाचा पेंढा रचून ठेवला होता. मी तो पाहिला आणि मान हलवली. त्यात काय पाहायचं होतं, मला अजून माहीत नाही.

घरी यजमानांनी विचारलं, "चांगलं आहे का?"

"माहीत नाही."

"अगं, पाहून आलीस ना?"

"आले."

"मग?"

मी त्यांना नखांचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, पुरणपोळीचं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी थोडे चिडून म्हणाले, "म्हणजे चांगलं की वाईट?" मला रडूच आलं. मुलींच्या वह्या तपासायची मला इतकी सवय होती. बरोबर, चूक, एवढं मी झोपेतही सांगितलं असतं.

मग शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या की न सांगता जा. बदलीचे दिवस जवळ येत होते. मी आत्याला घेऊन पुन्हा निघाले, या वेळी कुणाला कळवलं नाही.

अडसर लावलेला नव्हता, दार सताड उघडं. अंगण झाडलेलं नव्हतं. काम करणारी मोलकरीण आली नव्हती. कुणीतरी धुण्याच्या दगडाजवळच घाण केली होती आणि बाई कासोटा खोचून पाणी ओतत होती. तोंडानं सगळ्या म्हाताऱ्यांचा उद्धार चालला होता. चुलीवर भात होता, बहुतेक करपत होता. मला पाहून ती शरमेल असं मला वाटलं होतं. तिनं माझ्या हातात पळी दिली.

"आल्या तं वाढा. त्या भुकेनं मराले लागल्या."

मी वाढलं. वरण पातळ होतं आणि मीठ जास्त. मीही त्यांच्यात बसून जेवले. पुरणपोळीवाली आजी माझ्याजवळ बसली होती, तिनं माझ्या ताटातली लसणाची चटणी न विचारता उचलली आणि सगळ्या हसल्या. घाणीचा वास अजून येत होता. त्या वासात त्या हसत होत्या आणि मीसुद्धा हसले.

जेवण झाल्यावर आत्या म्हणाली, "मी राहीन इथी."

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "काऊन? आज तर सगळी घाण आहे!"

"हाये."

"बाई किती ओरडते, पाहिलंस ना?"

"थेच तं," आत्या म्हणाली. "तिचं सारं मले ऐकू येते. तुमचं दोघांचं मले कायीच ऐकू येत नाई."

जो दोष मी पहिल्या दिवसापासून मोजत होते तो तिला सोय वाटत होता. आत्याला तिथंच ठेवून मी निघाले. पण बस चांद्याबाहेर पडल्यावर दुसराच विचार आला. आत्यानं हे मला बरं वाटावं म्हणून तर म्हटलं नसेल? तिला माझा स्वभाव पाठ होता. कसलं कारण दिलं की मी निघून जाईन, हे तिला माहीत असणारच. यजमानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, दोन्ही खरं असेल. त्यानं माझं समाधान झालं नाही.

आम्ही सिरोंच्याला गेलो. पावसाळ्यात रस्ता बंद झाला. जंगल खात्याची माणसं लाकडांच्या डेपोच्या कामानं चांद्याला जात-येत, त्यांना मी आत्याला भेटून यायला सांगे. एकजण म्हणाला, "मस्त हाय म्हातारी, मले चिलीम मागत होती." आत्यानं जन्मात चिलीम ओढली नव्हती. त्यानं भलतीच कुणी पाहिली असणार. दुसरा म्हणाला, वाळून काडी झाली आहे, पाहवत नाही. तिसरा, सिरोंच्याचाच तेलुगू बोलणारा गार्ड, म्हणाला की ती फार रागात होती, पण काय बोलली ते त्याला समजलं नाही. मी तिन्ही निरोप एकत्र करून बघे आणि माझ्याच आत्याचा चेहरा मला दिसेनासा होई.

पावसाळा सरल्यावर रस्ता सुरू झाला आणि मी गेले. आत्या बारीक झाली होती, पण दमा कमी होता. तिच्या हातावर ओरखडे होते. मी बाईला जाब विचारला. बाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "तिले इचारा ना! सकाळचं ऊन एकाच ओट्यावर येते. तिथी बसाले मारामारी करतेत दोघी. मी सोडवाले गेलो तं मलेच चावली."

"आत्या, तू चावलीस?" मी तिच्या कानाशी ओरडले.

"थोडंसंक," आत्या म्हणाली.

त्याच दिवशी एक मुलगी आपल्या आईसाठी घर पाहायला आली होती. माझ्यासारखीच, पदराचं टोक बोटाला गुंडाळत सगळीकडे बघत होती. आत्यानं तिला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "इथी नोको ठेवू बाई तुया मायले." ती मुलगी पांढरीफटक पडली आणि थोड्या वेळानं निघून गेली.

मी ओरडतच आत्याचं सामान आवरायला घेतलं. "चल, आत्ता चल माझ्यासोबत. जे व्हायचं ते होईल."

आत्या माझ्याकडे पाहतच राहिली. "कायले?"

"तूच म्हणालीस ना तिला, इथं ठेवू नको!"

"मंग? किती जणी बसतीन त्या ओट्यावर?" असं म्हणून तिनं माझ्या हातातून आपलं लुगडं ओढून घेतलं.

ती थट्टा करत होती की नाही, मला ठरवता आलं नाही. ती आली नाही एवढं खरं.

पुढं यजमानांची बदली चांद्यालाच झाली. आम्ही गावात बिऱ्हाड केलं आणि मी आत्याला आणायला गेले. मध्यंतरी ती मोठ्या आवाजाची बाई काम सोडून गेली होती. तिच्या भावाची बायको वारल्यामुळे ती मूल गावी त्याच्या मुलांकडे राहायला गेली, असं कळलं. नवीन व्यवस्थापिका नागपूरकडची होती, शिकलेली, अगदी हळू बोलणारी. भिंतींना चुना लावलेला होता. अंगणात फरशी घातली होती. प्रत्येक खाटेशी पाण्याचा वेगळा तांब्या होता. कुणाच्या अंगावर ओरखडा नव्हता, नखं सगळ्यांची कापलेली होती. मला पहिल्या दिवशी जे जे पाहायला सांगितलं होतं ते सगळं तिथं होतं. आत्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. नव्या बाई तिच्याशी गोड बोलत होत्या आणि ती त्यांच्या ओठांकडे पाहून मान हलवत होती.

"फार शांत झाल्यात आता," नव्या बाई म्हणाल्या. "काही त्रास देत नाहीत."

आत्या आमच्याकडे आली. मी आता मोठ्यानं बोलायला शिकले होते, शेजारचे लोक हसत. ती आमच्याकडे दोन हिवाळे राहिली. त्या घराबद्दल तिनं स्वतःहून चांगलं काही सांगितलं नाही आणि वाईटही नाही. मी विचारलं की म्हणे, "होतं." शेवटी एका उन्हाळ्यात, दुपारी, पाणी मागून ती गेली.

तिसऱ्या दिवशी त्या घरातल्या काही म्हाताऱ्या भेटायला आल्या. नव्या बाईंनी त्यांना टांग्यात बसवून पाठवलं होतं. मी चहा करायला उठले. परत येते तर त्या बसल्याच नव्हत्या. एक स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावत होती. दुसरीनं माठावरचं झाकण उचलून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. पुरणपोळीवाली आजी आता वाकून दुमडली होती. तिनं विचारलं, "तिची खाट कुठी होती?"

मी दाखवली. मागच्या दाराजवळ, जिथं दुपारी सावली असे. ती आजी खाटेवर बसली. हातानं सुंभ दाबून पाहिला. मग दाराकडे तोंड करून बराच वेळ तशीच बसून राहिली. बाकीच्याही तिच्याभोवती उभ्या राहिल्या. मी चहाचे कप हातात धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"वारा येते इथी," शेवटी ती म्हणाली.

दुसरीनं मान हलवली. "हो. येते वारा."

मग त्यांनी चहा घेतला आणि टांग्यात बसून गेल्या.