तिसऱ्या मजल्यावरची गाठ

मला चोर म्हणणारा माणूस अजून जिवंत आहे. अंधेरी स्टेशनबाहेर दिसला तर मी मुद्दाम रस्ता ओलांडून त्याच्या समोर जातो आणि नमस्कार करतो. हा नमस्कार त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबतो. म्हणूनच करतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अंधेरीतल्या एका चार मजली ट्रस्ट हॉस्पिटलात आग विझवायच्या यंत्रणेच्या देखभालीचं कंत्राट माझ्याकडे होतं. पंप चालवून बघायचा, पाणी मारायचे लांब पाइप, म्हणजे होज, तपासायचे आणि जिन्यात प्रत्येक मजल्यावर पाण्याचा जो मोठा व्हॉल्व्ह असतो, त्याचं चाक महिन्यातून एकदा पूर्ण फिरवायचं. फिरवलं नाही तर ते गंजून घट्ट धरतं, आणि नेमकं आगीच्या दिवशी हलत नाही. मी कोळ्याचा मुलगा. होडी सोडून एका गिरणीच्या फायर खात्यात पाइप उचलत हे काम शिकलो होतो.

व्हॉल्व्ह तपासून झाला की त्याला शिशाचं सील लावायची पद्धत होती. सील मिळाली नाहीत तर मी जाळ्याच्या बारीक दोऱ्याने चाक पाइपला बांधायचो. हिसका दिला की दोरा तुटायचा; पण तो तुटल्याशिवाय चाक फिरणं शक्य नव्हतं. गाठ बाबांची, जाळं विणायची. ते म्हणायचे, "दोरा तुटंल, पन गाठ सुटाची नाय."

दिवाळीआधीचं काम संपवून मी गेटवर आलो, तेव्हा हॉस्पिटलचा व्यवस्थापक तिथे उभा होता. होजच्या पेट्यांमधून पितळी तोट्या नाहीशा झाल्या होत्या. चोरी झाली होती हे खरं. मीच आठवडाभर आधी तसं लेखी दिलं होतं. तो वॉचमनला म्हणाला, "ह्याची पिशवी उलटी कर."

लोखंडी पाने, ग्रीसचा डबा, बोंबलाचा डबा, सगळं फरशीवर पडलं. भेटीची वेळ होती. नर्सेस, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, सगळे बघत होते.

"पितळ कुठे विकलंस रे?"

"साहेब, पिशवीत काय आहे ते दिसतंय ना?"

"सुके बोंबील दिसतायत. वासही येतोय." हशा पिकला. मग तो रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चोर आहे हा. उद्यापासून आत सोडू नका."

मी तापट माणूस. हात उचललाही होता. पण तो मारला असता तर चोरही ठरलो असतो आणि गुंडही. मी बोंबील वेचले, डब्यात भरले आणि निघालो. पंधरा दिवसांत माझं काम त्याच्या साडूला मिळालं. तोपर्यंत त्या साडूचा धंदा पडदे आणि गाद्यांचा.

होळीच्या सुमारास माझ्या चुलत्याचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं. भेटीच्या वेळेच्या गर्दीत मिसळून मी त्याला बघायला चौथ्या मजल्यावर निघालो. वाटेत तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात व्हॉल्व्ह नव्या लाल रंगात चमकत होता. वर कार्ड टांगलेलं. त्यावर दर महिन्याला 'चाक फिरवून तपासले' आणि खाली सही. मी जवळ गेलो. चाकावर माझाच दोरा होता, अखंड. त्या गाढवांनी गाठीसकट रंग मारला होता.

मी गाठीवरून बोट फिरवलं आणि हसतच वर वॉर्डात गेलो. चुलत्याला वाटलं, ऑपरेशन बरं झालं म्हणून हसतोय.

लगेच जाऊन सांगता आलं असतं. पण कुणाला? त्या व्यवस्थापकालाच? त्याने दोरा कापून टाकला असता आणि संपलं असतं. आई बाजारात मासळी विकायची. ती सांगायची, गिऱ्हाईक उठून दोन पावलं गेलं की मगच हाक मारायची. आधी मारली तर भाव पडतो. मी थांबलो.

नवरात्राच्या आधी ट्रस्टी लोकांना यंत्रणेचं प्रात्यक्षिक दाखवणार आहेत, असं कॅन्टीनवाल्याकडून कळलं. मी भेटीच्या वेळेत आत शिरलो. वॉचमन बदलला होता, त्याने अडवलं नाही. साडूने गेटजवळच्या व्हॉल्व्हला होज जोडून ठेवला होता. पाणी जोरात उडालं. ट्रस्टी टाळ्या वाजवू लागले.

मी म्हणालो, "आता तिसऱ्या मजल्यावर दाखवा."

व्यवस्थापक वळला. "तू? तुला आत कुणी सोडलं?"

"भेटीची वेळ आहे, साहेब. पिशवीही आणली नाही."

ट्रस्टींमधले एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "दाखवा की. बायकांचा वॉर्ड आहे तिथे. वर पाणी येतं ना?"

सगळे वर आले. साडूने चाक धरलं. हललं नाही. मग दोन वॉर्डबॉय लागले. रंगाचे पापुद्रे उडाले, दोरा तुटला, चाक तिथेच. मी तो तुटका दोरा उचलून डॉक्टरांच्या हातात दिला. "ही गाठ माझी आहे. गेल्या दिवाळीची. आता कार्ड वाचा."

त्यांनी कार्ड वाचलं. सगळ्या महिन्यांचं, मोठ्याने. साडू हळूच जिना उतरू लागला.

"काम तुम्ही परत घ्या," डॉक्टर मला म्हणाले.

"घेईन. आधी ह्यांनी आपला शब्द परत घ्यावा. जिथे चोर म्हटलं तिथे, गेटवर."

व्यवस्थापक पुटपुटला, "गैरसमज झाला होता..."

"इथे नाही. गेटवर."

गेटवर आल्यावर त्याने मान खाली घालून म्हटलं, "हे चोर नाहीत."

"मोठ्याने, साहेब. त्या दिवशी आवाज रस्त्यापलीकडे गेला होता."

त्याने पुन्हा म्हटलं. केळीवाल्याने वळून पाहिलं, तेव्हा माझं समाधान झालं. तो क्षण मी आजही चघळतो, त्याची चव गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठा पाना आणि तेल घेऊन मी ते चाक सोडवत बसलो होतो. अख्खी सकाळ लागली. बायकांच्या वॉर्डची सिस्टर जिन्यात येऊन उभी राहिली. वयाने मोठी, कमी बोलणारी.

"ही गाठ तुम्ही आधी कधी पाहिलीत?"

"होळीला."

तिने बोटांवर महिने मोजले. "माझ्या वॉर्डात चोवीस खाटा आहेत. एवढे महिने त्या बायका ह्या नळाच्या भरवशावर झोपत होत्या. तुम्हाला ठाऊक होतं."

"मला चोर म्हटलं होतं, सिस्टर."

"ऐकलं होतं मी. मी तिथेच होते. हसलेही नव्हते," ती म्हणाली आणि आत गेली.

चाक सुटलं. मी ते पूर्ण फिरवलं, पुन्हा बंद केलं आणि गाठ मारली. पुढच्या महिन्यात कार्डावर सही करायला गेलो तर ती ड्रेसिंगची कात्री घेऊन हजर. तिने माझी गाठ कापली, म्हणाली, "फिरवा." मी फिरवलं. तिने स्वतः हात लावून पाहिलं आणि मगच मला सही करू दिली.

ती निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला हे चाललं. दुसऱ्या कुणी माझी अशी तपासणी केली असती तर मी पाना फेकून निघून गेलो असतो. तिच्यापुढे मी नवा दोरा काढून गाठ मारायचो, आणि ती बघत उभी असायची.