शेठने सांगितलेला झेंड्याचा अर्थ

झेंड्याचा अर्थ मी शाळेत शिकले होते, पण बमरोलीच्या कापड कारखान्यातल्या आमच्या शेठने तो जसा समजावला तसा कुणाच्या बापाने समजावला नसेल. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. पंधरा ऑगस्टला कारखान्याच्या दारात झेंडा लागायचा आणि आत माग खडखडत राहायचे. सुट्टी द्यायची दानत नव्हती, देशभक्तीची हौस मात्र दांडगी.

माझे वडील तिथे माग चालवायचे. त्या वर्षी झेंडावंदनाला शेठ सगळ्यांसमोर त्यांना मास्टर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम, करणार होता. मास्टर झालं की पाळीभर मागापाशी उभं राहणं संपायचं, आणि वडिलांचे पाय तर संध्याकाळी चपलेत मावत नसत. झेंडा बांधायचा मानही त्यांनाच मिळाला. त्यांनी आत झेंडूच्या पाकळ्या घातल्या, घडी केली, दोरी आवळली. मी राष्ट्रगीत म्हणायला उभी होते.

शेठने दोरी ओढली. झेंडा उघडेना. जन्मभर तुटलेले धागे जोडणाऱ्या वडिलांच्या हाताने सवयीने तीच गाठ मारली होती, ओढावी तितकी घट्ट होणारी. इथे हवी होती सुरगाठ. शेठने दोनचार हिसके दिले, घाम पुसला आणि सरळ भाषण ठोकलं. वरच्या गाठोड्याकडे बोट करून म्हणाला, केशरी म्हणजे त्याग, तो कामगारांनी करायचा. पांढरा म्हणजे शांती, म्हणजे कुरकुर नको. हिरवा म्हणजे भरभराट. ती कुणाची, हे त्याने सांगितलं नाही. आणि चक्र म्हणजे मागाचं चाक, ते थांबता कामा नये. एकही रंग दिसत नव्हता आणि लोक टाळ्या पिटत होते. मला त्या सगळ्यांचीच किळस आली.

जाताना शेठ वडिलांपाशी थांबला. "एक गांठ बांधना नहीं आता, मास्टर बनेगा?" म्हणाला आणि गाडीत बसला. पुढच्या आठवड्यात त्याचा मेहुणा मास्टर झाला. त्या गड्याने जन्मात धागा जोडला नव्हता.

सगळे पांगल्यावर वडिलांनी झेंडा खाली घेतला. गाठ दातांनी तोडली. पाकळ्या त्यांच्याच पायांवर पडल्या. मग त्यांनी झेंडा पुन्हा चढवला आणि तो छान फडकला. मी चिडून विचारलं, आज तरी दुसरी गाठ मारायची होती ना?

"मना हातले तीच गाठ येस," ते गावाकडच्या बोलीत म्हणाले, आणि आत मागापाशी जाऊन उभे राहिले.